'मदरबोर्ड गेला' म्हणण्याआधी

भोसरी, तळवडे, चाकणच्या लहान वर्कशॉपांत सीएनसी मशीनशेजारी अजूनही दहा-पंधरा वर्षांचा सेकंडहँड पीसी दिसतो. जुन्या कंट्रोलरला प्रोग्रॅम पाठवायला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो आणि नव्या पीसीला तो सहसा नसतो, म्हणून मालक त्याला जपतात. असे पीसी दुरुस्त करता करता माझं एक मत पक्कं झालंय: 'मदरबोर्ड गेला' हे निदान सगळ्यात शेवटी करायचं.

१. आधी वीज बघा. पीसी मधूनच रीस्टार्ट होतो, अशी एका शेडमधून तक्रार आली. विंडोज नव्याने टाकून झालं होतं, रॅमही बदलून झाली होती. मी पीसी न उघडता शेजारी बसून राहिलो. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला, दिवा क्षणभर मंदावला आणि पीसी रीस्टार्ट झाला. थेट स्टार्टरवरची मोटर सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. तेवढ्यात व्होल्टेज पडतं आणि थकलेल्या एसएमपीएसला ते झेपत नाही. पीसीला वेगळी लाइन ओढली, यूपीएस बसवला, तक्रार मिटली. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तोवर पीसीला हात लावू नका.

२. शुक्रवारची सकाळ. आपल्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. दिवसभर थंड पडलेला पीसी शुक्रवारी चार-पाचदा बटण दाबल्यावर कसाबसा उठतो आणि मग संध्याकाळपर्यंत नीट चालतो. हे लक्षण बहुधा म्हाताऱ्या कपॅसिटरांचं. टॉर्च मारून बोर्ड बघा. कपॅसिटरचा माथा सपाट हवा. तो फुगला असेल किंवा त्यावर तपकिरी चिकट डाग असेल, तर कारण सापडलं. पीसी चालू असताना पिवळ्या वायरवर मल्टिमीटर ११.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल, तर एसएमपीएस बदला. तो स्वतः उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब साठून राहू शकतो. आणखी एक: डेल ऑप्टिप्लेक्ससारख्या, ऑफिसांतून निघालेल्या अनेक पीसींना नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो. दुकानात जाताना जुना एसएमपीएस सोबत न्या.

३. धुळीला एअर गन नको. शॉपमध्ये गन हाताशी असते, म्हणून सगळे तीच मारतात. त्या हवेतून पाणी आणि तेल येतं, शिवाय ग्राइंडिंगचा लोखंडी बुकणा स्लॉटच्या आणखी आत जातो. तो बुकणा वीज वाहून नेतो, हे विसरू नका. मऊ ब्रश आणि साधा ब्लोअर पुरे. पंखा बोटाने धरून ठेवा. मग रॅम काढा, तिचे सोनेरी पट्टे खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि एकेक पट्टी लावून बघा. पावसाळ्यात 'डिस्प्ले येत नाही' म्हणून आलेले कितीतरी पीसी एवढ्यावरच सुरू होतात.

४. जीएसटीचं पोर्टल उघडत नाही? इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी पीसीची तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल, तर बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल संपला आहे. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडू देत नाही. सेल किरकोळ किमतीत मिळतो.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, केबल आणि एसएमपीएस एकदम बदलले, तर पीसी चालू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि चांगला भाग भंगारात जाईल.

६. सिरियल केबल जोडताना आणि काढताना पीसी आणि मशीन दोन्ही बंद हवेत. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असला, तर त्या क्षणी पोर्ट जळू शकतो. आणि त्या पोर्टसाठीच तर हा पीसी सांभाळलाय.

७. हार्ड डिस्क टकटक वाजू लागली, की दुरुस्तीचा विचार सोडा आणि फाइली उतरवून घ्या. अशा डिस्कवर स्कॅन चालवत बसलात, तर उरलेला श्वासही त्यातच संपतो. एसएमपीएस, रॅम, अख्खा पीसी पुन्हा विकत मिळेल. वर्षानुवर्षं कटिंग करत बसवलेले प्रोग्रॅम मिळणार नाहीत. तुमच्या शॉपमधला पीसी आज नीट चालत असेल, तर त्यातले प्रोग्रॅम आजच दोन वेगळ्या जागी कॉपी करून ठेवा.