डाळ शिजत का नाही? – शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातील काही प्रश्न

शेतकीच्या मासिकात चूल, तवा आणि वरणाचे पातेले यांचे प्रयोजन काय, असे काही वाचक विचारतील. बी-बियाणे, खते व बाजारभाव यांची चर्चा सोडून बायकांच्या कामात लक्ष घालण्याचे हे खूळ कोठून निघाले, असेही कोणी म्हणेल. त्यांस उत्तर एवढेच की, स्वयंपाकघरातील ज्या तक्रारी मी गेल्या काही वर्षांत लक्षपूर्वक पाहिल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ चुलीपाशी सापडले नाही. ते शेतात, कोठीत किंवा विहिरीत सापडले. ही तिन्ही ठिकाणे पुरुषांच्या ताब्यातील. बोल मात्र घरातील सुनेने खावयाचे, असा उलटा न्याय आपल्याकडे चालत आला आहे.

आमच्या घरचेच उदाहरण देतो. त्यात भूषण वाटण्यासारखे काही नाही. काही वर्षांमागे उन्हाळ्यात वाड्यातील आड आटला म्हणून आम्ही अंगणात बोअर घेतला. पाणी भरपूर लागले व सर्वांस आनंद झाला. पण त्याच सुमारास वरणाची तक्रार सुरू झाली. चार शिट्ट्यांत लोण्यासारखी होणारी तुरीची डाळ सात शिट्ट्या होऊनही गणंग राहू लागली. त्याच वर्षी घरात नवी सून आली होती. साहजिकच तिच्या सासूने तिला आल्यागेल्याच्या देखत दोन शब्द सुनावले, आणि मीही मध्ये पडलो नाही. एकदा तर ताट बाजूला सारून उठलो. डाळीचे दुकान बदलले, कुकरची रिंग बदलली, शिट्टी बदलली. फरक पडला नाही.

पुढे श्रावणात दोन दिवस वीज गेली आणि बोअर बंद पडला. सुनेने पन्हाळीखाली धरून ठेवलेल्या पावसाच्या पाण्यात वरण लावले. तीन शिट्ट्यांत डाळ अशी विरघळली की, रवीची गरज पडली नाही. जेवण वाढताना ती हळूच म्हणाली, “मामा, डाळ तीच, कुकर तोच अन् हातही माझाच. पाणी तेवढं बदललं.”

महसूल खात्यात जन्म घालविलेल्या माणसास पंचनाम्याची खोड असते. येत्या रविवारी मी तीन सारखी पातेली घेतली, प्रत्येकात एकाच पिशवीतील पाव किलो डाळ घातली आणि एकात बोअरचे पाणी, दुसऱ्यात तेच पाणी उकळून, निववून वरून निवळ काढून घेतलेले, व तिसऱ्यात पावसाचे पाणी घातले. आच एकसारखी ठेवली व घड्याळ लावून बसलो. पावसाच्या पाण्यातील डाळ सुमारे पस्तीस मिनिटांत शिजली; उकळून निवळलेल्या पाण्यातील डाळीस पाऊण तास लागला; बोअरच्या पाण्यातील डाळ तासाभरानंतरही बोटांत कचकचत होती. सुनेवरील आरोप निकालात निघाला. तिची माफी मागण्याचे काम मात्र या पंचनाम्याहून अवघड गेले.

याचे कारण असे. डाळीच्या दाण्यातील पेशी एकमेकींस ज्या द्रव्याने चिकटलेल्या असतात, त्यास पेक्टिन म्हणतात. उष्णतेने ते विरघळले म्हणजे दाणा फुटतो, आणि आपण डाळ शिजली असे म्हणतो. जड पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते पेक्टिनला घट्ट बांधून टाकतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील जमीन काळ्या खडकावरची. खोल बोअरचे पाणी त्या खडकातून मुरत आलेले, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते जड असते. ज्या पाण्यात साबणास फेस येत नाही व पातेल्याच्या बुडाशी पांढरी खपली धरते, त्या पाण्यात डाळही नीट शिजणार नाही, हे खुशाल समजावे.

उपाय खर्चाचा नाही. डाळीपुरते पाणी आदल्या रात्री चांगले दहा-पंधरा मिनिटे उकळून ठेवावे. क्षारांचा काही भाग तळाशी बसतो. सकाळी वरचे निवळ पाणी घ्यावे. जडपणाचे क्षार दोन प्रकारचे असून दुसऱ्या प्रकारचे उकळूनही जात नाहीत. तेथे गावात मिळणाऱ्या फिल्टरच्या पाण्याचा एक तांब्या डाळीसाठी राखून ठेवणे बरे. पावसाळ्यात पत्र्यावरील पाणी धरावयाचे असल्यास पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्यावे. डाळ अर्धा-पाऊण तास भिजत घातल्यानेही वेळ वाचतो. मात्र भिजविण्याचे पाणीही हलकेच पाहिजे.

पुष्कळ घरी खाण्याचा सोडा चिमूटभर घालतात. डाळ मऊ होते खरी, पण सोड्याने डाळीतील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. शिवाय वरण शेवाळल्यासारखे बुळबुळीत होते. रोजच्या वापरात सोडा नको. तेलाचा थेंब टाकल्याने फेस उतू जात नाही. त्याने डाळ लवकर शिजते, हा समज खरा नव्हे. आंबटाचा नियम मात्र प्रत्येकीने पाळावा. चिंच, आमसूल, कैरी, टोमॅटो ही डाळ पुरी शिजल्यावरच घालावी, कारण आंबटामुळे पेक्टिन विरघळत नाही. चुका किंवा अंबाडी यांची भाजी करताना डाळ व कण्या आधी शिजवून घेण्याची आपल्या आजीबाईंची पद्धत होती, ती याच कारणाने बरोबर आहे.

पाणी निर्दोष ठरले तर डाळीकडे पाहावे. तूर पत्र्याच्या खोलीत उन्हाळा व दमट पावसाळा काढते, तेव्हा दाणा कठीण होतो आणि असा दाणा शिजविणे फार कष्टाचे होते. जुनी व नवी डाळ एकत्र केली म्हणजे नवी विरघळते व जुनी तशीच राहते. अर्धी कच्ची अर्धी पक्की आमटी होते ती यामुळे. तूर भिजवून, काव लावून, वाळवून जात्यावर भरडलेली घरची डाळ चवीस उजवी असली तरी ती शिजावयास वेळ घेते. तेलाचा हात देऊन गिरणीत कोरडी भरडलेली डाळ त्या मानाने लवकर शिजते. यात घरच्या डाळीस कमीपणा नाही, तिला थोडा अधिक वेळ द्यावा इतकेच. आणखी एक गोष्ट इंधनाची. उघड्या पातेल्यातील पाणी एकदा खळखळू लागले म्हणजे आच कितीही वाढविली तरी ते अधिक तापत नाही, फक्त वाफ होऊन उडते. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून वेळ वाचतो. पण तेथेही पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करावी. सिलिंडर दोन-चार दिवस जास्त पुरतो.

आता भाकरी. भाकरी फाटते, थापताना कडेला चिरा पडतात, तव्यावर फुगत नाही, अशा तक्रारी घरोघरी आहेत. गव्हाच्या पिठात चिकटपणा देणारे जे द्रव्य असते ते ज्वारीत नाही. ज्वारीचे पीठ जुळून येते ते पिठातील स्टार्च गरम पाण्याने फुगून चिकट झाल्यामुळे. म्हणून थंड पाण्यात भिजविलेले पीठ कितीही मळले तरी थापताना सुटते. पाणी कडकडीत पाहिजे, आणि एका वेळी एका भाकरीपुरतेच पीठ तळहाताच्या टाचेने रगडून घेतले पाहिजे. महिनाभराचे दळण एकदम आणण्याची जी चाल पडली आहे, ती भाकरीची वैरीण समजावी; जुन्या पिठाची विरी जाते व ते कडवट लागते. आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे. विरी गेलेलेच पीठ हाती आले तर त्यातील थोड्या पिठावर उकळते आधण ओतून उकड करावी व ती उरलेल्या पिठात मिसळावी. किंवा ज्वारीत मूठभर उडीद दळून घ्यावे. थापल्यावर तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या बाजूस पाण्याचा हात फिरवावा, आणि ते पाणी सुकू लागताच, पूर्ण सुकण्याआधी, ती उलटावी. भेगा पडण्याचे निम्मे कारण हा क्षण चुकणे हेच असते.

पण येथेही धान्याचा वाटा आहेच. कणीस पक्व होताना पावसात सापडलेल्या, काळ्या पडलेल्या खरीप ज्वारीची भाकरी कोणाच्याही हाताने चांगली होत नाही. मोहोळची मालदांडी ३५-१ किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती अशी रब्बी ज्वारी निदान घरापुरती पेरावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याच विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेला परभणी शक्ती हा वाण २०१८ मध्ये दिला आहे. ज्या घरी लहान मुले किंवा गर्भवती स्त्रिया आहेत त्यांनी त्याचा विचार करावा. सगळे वावर सोयाबीनने भरून टाकावे आणि मग खाण्यासाठी ज्वारी विकत आणावी, हा व्यवहार मला कधीच समजला नाही.

सोयाबीनचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपण ते पोत्यांनी पिकवितो, पण खात नाही. कोणी खाल्लेच तर कच्चे दळून गव्हात मिसळतो व पोट बिघडले म्हणून सोडून देतो. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनास अडथळा करणारे द्रव्य असते, ते उष्णतेने जाते. दाणे थेट उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटे उकळावे, उन्हात खडखडीत वाळवावे, टरफल काढावे आणि नऊ किलो गव्हास एक किलो या प्रमाणात दळावे. उग्र वासही बराच कमी होतो.

गुळाचा चहा किंवा खीर फुटते ती गुळातील आंबटपणामुळे. दूध चुलीवरून उतरवून किंचित निवल्यावर गूळ घालावा. शेंगदाण्यास बुरशी आली असेल तर तो भाजून चटणीत घालण्याची काटकसर करू नये. त्या बुरशीचे विष यकृतास बाधते आणि भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. असा दाणा जनावरांसही घालू नये.

शेवटी हळद. हिंगोली व वसमतच्या बाजारात हळदीची केवढी आवक होते हे वाचकांस ठाऊकच आहे, आणि वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. असे असून हळद पिकविणारा शेतकरी सर्व हळकुंडे विकून दुकानातून हळदीची पुडी आणतो, हे मी अनेक घरी पाहिले. एकदा एका घरी सुनेने विचारले की, सोडा घातल्यावर वरण तांबूस का होते? हळदीतील रंगद्रव्य क्षाराशी मिळाले की लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर, आणि हळदीचा डाग साबणाने लाल होतो तोही यानेच. हा भेसळीचा पुरावा नव्हे. फोडणीत हळद मोहरी तडतडल्यावर, आच कमी करून घालावी; तिचा रंग तेलात उतरतो, आणि जळली तर ती कडू होते.

खरी भीती निराळी आहे. निस्तेज हळकुंडास पॉलिश करताना काही लोभी लोक लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग लावतात. त्यात शिसे असते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करते. बांगलादेशात गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळले, तेव्हा त्याचा माग काढीत संशोधक २०१९ मध्ये हळदीपर्यंत पोहोचले. तेथे ही चाल १९८० नंतरच्या दशकात, पुरात भिजून काळवंडलेली हळद उजळ दाखविण्यासाठी पडली होती. सरकारने छापे घातले, दंड केले व लोकांस सावध केले. तेव्हा २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत आढळलेली ही भेसळ २०२१ मध्ये शून्यावर आली. आपल्याकडेही मार्च-एप्रिलच्या अवकाळी पावसात वाळत घातलेली हळद भिजते, म्हणून हा मोह आपल्या दारात येणारच नाही असे मानू नये. भिजलेल्या मालास भाव कमी आला तर सोसावा. रंग लावून देणाऱ्याच्या स्वाधीन तो करू नये.

परीक्षा सोपी आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न हलविता ठेवावी. चांगली हळद तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर ती पूड टाकून द्यावी. हळकुंड पाण्यात टाकताच रंग सुटू लागला तरी संशय घ्यावा. थोडी भेसळ या परीक्षेत सापडत नाही. ती प्रयोगशाळेतच कळते. म्हणून घरची हळद हाच खरा बंदोबस्त. सहा माणसांच्या घरी रोज दहा ग्रॅम हळद लागते असे धरले तरी वर्षास साडेतीन-पावणेचार किलो होते. शिजवून वाळविलेली, वाजवली असता खणखणीत वाजणारी चार किलो हळकुंडे विक्रीपूर्वी बाजूस काढावी, स्वच्छ फडक्याने पुसावी आणि कोरड्या डब्यात ठेवावी. पूड एकदम करू नये, दोन-दोन महिन्यांची करावी. उजेडाने तिचा रंग उतरतो, तेव्हा काचेच्या बरणीपेक्षा झाकणाचा पितळी किंवा स्टीलचा डबा बरा. गिरणीवर दळण्यापूर्वी मिरचीचा घाणा झालेला नाही ना, एवढे विचारून घ्यावे.