गळके घर थंडीतच दुरुस्त करू

पाऊस गेला. भात कापून झाले, झोडून झाले. थंडी पडली. आता घर गळत नाही. मग छपराकडे कोण बघतो? "अजून पुष्कळ दिवस आहेत," असे आपण म्हणतो. मृगाचे ढग दिसले, की सारा गाव एकदम जागा होतो. मग कौले चाळणारा माणूस मिळत नाही.

आमच्या शेजारच्या आक्कांचे घर असेच गळत होते. कोकणातले घर. मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले. गळतीखाली त्या पातेले ठेवत. भरले, की ओतून टाकत. दोन पावसाळे असे गेले. पण सगळे पाणी पातेल्यात पडत नव्हते. थोडे वाशावरून भिंतीत उतरत होते. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री भिंतीचा कोपरा ढासळला. भाताची कणगी तिथेच होती. भात भिजले, त्याला मोड आले. माणसे पलीकडच्या खोलीत निजली होती, म्हणून वाचली. आक्का म्हणाल्या, "एका कौलाचे काम होते हो. त्यापायी आम्ही भिंत घालवली."

म्हणून गळती आताच शोधू या. भिंतीवर, वाशांवर ओलीचे डाग अजून दिसतात. पुढे चुलीच्या धुराने ते झाकून जातात. शिवाय आता हाताला सवड आहे.

गळती कशी शोधावी?

पाणी जिथे ठिबकते, तिथेच भोक असते असे नाही. पाणी कौलातून आत येते. वाशावरून खाली ओघळते. मग दुसरीकडेच टपकते. म्हणून डागापासून आढ्याकडे नजर नेत जावे. भोक बहुधा वरच्या अंगालाच सापडते.

भर दुपारी दारे-खिडक्या लावून घ्या. वर बघा. अंधारात उजेडाचा ठिपका दिसेल. तिथे वाशावर खडूने खूण करा. ठिपका दिसला नाही, तर एकाने वर जाऊन तांब्याने पाणी ओतावे. दुसऱ्याने आत उभे राहून बघावे. पाणी खालच्या ओळीपासून ओतत वर जावे. आधीच वरून ओतले, तर ते सगळ्या ओळींवरून वाहते. मग नेमके कुठे गळते ते कळत नाही.

चढताना जपा

थंडीत सकाळी कौलांवर दव असते. शेवाळावरून पाय घसरतो. ऊन चांगले तापल्यावरच चढा. खाली शिडी धरायला माणूस हवाच. नुसत्या कौलावर पाय देऊ नका. फळी टाकून तिच्यावर बसा. सिमेंटच्या पत्र्यावर तर कधीच उभे राहू नका. तो एकदम फुटतो आणि माणूस खाली येतो.

दुरुस्ती

पुष्कळदा कौल फुटलेले नसतेच. खाचेत पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबते आणि काठावरून आत येते. तो काढला, की गळती थांबते. वानरांनी सरकवलेली कौले नीट बसवा. फुटलेले कौल बदला. वरच्या ओळीचे कौल जरा उचला, फुटके काढा, नवे रिपेवर अडकवा. नवे कौल जुन्याच मापाचे हवे. नाहीतर ते एकमेकांत बसत नाही. फुटक्या कौलावर सिमेंट थापू नका. ऊन-पावसाने ते सुटते.

वाशालाही खिळा टोचून बघा. खिळा सहज आत गेला, तर वासा कुजला आहे किंवा वाळवीने खाल्ला आहे. तो आधी बदला. कौले मग.

आता लिहू या

आपल्याला आता लिहिता येते. तेव्हा घर बघून झाल्यावर कागदावर अशी यादी करू:

कौले – 12
आढ्यावरची कौले – 2
वासा – 1
रिपा – 3

ही यादी घेऊन बाजारात जाऊ. जास्त आणणार नाही, कमी पडणार नाही. दुकानदाराने पावती दिली, की यादीशी ताडून बघू.

मृगाला अजून काही महिने आहेत. पण भिंत वाचवायची, तर आजची दुपार बरी.

सांगा पाहू

1. पाणी ठिबकते तिथेच भोक का नसते?
2. पाणी खालच्या ओळीपासून का ओतावे?
3. तुमच्या घरी कुठे गळते? एका ओळीत लिहा.