अर्ध्या थेंबाचे वीस हजार थेंब

पोतंभर तांदळात एकच खडा असला तर तो कसा सापडेल? आई थोडे थोडे तांदूळ सुपात घेते. थोड्या तांदळात खडा लगेच दिसतो. हीच युक्ती शास्त्रज्ञांनी रोग शोधायला वापरली आहे.

आपल्या पेशींत डीएनए असतो, त्यात जनुके असतात. कर्करोगात काही जनुके बिघडतात. पण सुरुवातीला हजारो चांगल्या जनुकांत बिघडलेले एखादेच असते. ते वेळेवर सापडले तर रोग्यावर लवकर उपचार करता येतात. अमेरिकेतील बर्ट व्होगेलस्टाईन व केनेथ किन्झलर यांनी १९९९ साली नमुन्याचे छोटे छोटे भाग करून अशी जनुके मोजली. या रीतीला त्यांनी 'डिजिटल पीसीआर' नाव दिले. त्यांनी रोग्यांची शौच तपासली होती. हसू नका! आतड्याचा रोग तिथेच सापडणार ना?

आता हे भाग म्हणजे तेलातले थेंब असतात. नमुना फक्त २० मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या थेंबाहून कमी. त्याचे सुमारे २०,००० थेंब करतात. पुष्कळ यंत्रांत बारीक नळ्यांतून तेल आणि पाणी ढकलून ते होतात. दुसरी रीत विजेची, आणि ती फार गमतीची आहे.

प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासा आणि तांब्यातून सोडलेल्या बारीक धारेजवळ धरा. धार कंगव्याकडे वाकते! पालकांनीही करून बघावे. (पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा नीट जमत नाही.) विजेचा भार पाण्याला ओढतो. तसंच सुईच्या टोकाशी हजारो व्होल्टचा दाब दिला की तिथला थेंब ताणून शंकूसारखा होतो आणि शंकूच्या टोकातून बारीक थेंब सुटतात. इंग्लंडच्या जी. आय. टेलर यांनी १९६४ साली याचे गणित मांडले, म्हणून हा 'टेलरचा शंकू'. सगळ्या थेंबांवर एकाच जातीचा भार, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. विजेचा दाब मात्र स्थिर हवा. थेंब लहानमोठे झाले की मोजणी चुकते. हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही, कंगवा पुरे!

मग थेंब तापवतात, निववतात, पुन्हा तापवतात. दर फेरीला आतले जनुक दुप्पट होते. ३० फेऱ्यांत एकाची १०७ कोटींहून जास्त होतात! खास प्रकाश टाकला की असा थेंब चमकतो. चमकला तर १, नाही तर ०.

आणि एखाद्या थेंबात दोन जनुके शिरली तर? तरी तो एकच चमकणार. म्हणून न चमकलेले थेंब किती, हे बघून गणिताने खरा आकडा काढतात.