घर विकण्यापूर्वी : वारस, ग्राहक आणि शेजारी यांचे हक्क



जुने घर विकायला काढायचे ठरले की पहिली धावपळ कशाची होते, हे आपण आपापल्या मोहल्ल्यात पाहतच असतो. दलालाला निरोप जातो, ओल आलेल्या कोपऱ्यावर नवे प्लास्टर चढते, भिंतींना रंग लागतो आणि गेल्या वर्षी गल्लीतले कोणते घर किती लाखांना गेले याची चौकशी सुरू होते. बाजारभाव जाणून घेणे किंवा घर नीटनेटके करणे यास शरीअतची मनाई नाही. मात्र फिक्हच्या ग्रंथांतील खरेदी-विक्रीचे प्रकरण वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. विकणारा त्या वस्तूचा मालक आहे काय, ती वस्तू निश्चित व ज्ञात आहे काय, तिच्यात दुसऱ्या कोणाचा हक्क गुंतला आहे काय, हे प्रश्न तेथे भावापेक्षा अधिक जागा व्यापतात. आपल्या तयारीत नेमके हेच प्रश्न शेवटी येतात आणि कित्येकदा येतच नाहीत.

घर नेमके कोणाचे?

वडिलांच्या निधनाला पंधरा-वीस वर्षे लोटलेली असतात. मालमत्ता पत्रकावर अजून त्यांचेच नाव असते, किंवा वारसनोंद झालीच असेल तर ती केवळ मुलग्यांची झालेली असते. घर विकायची वेळ आली की लग्न होऊन गेलेल्या बहिणींची आठवण होते, तीही सहीपुरती.

एक साधे उदाहरण घेऊ. मयताचे आईवडील हयात नाहीत. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत भागल्यानंतर उरलेल्या मालमत्तेचा आठवा हिस्सा पत्नीचा. राहिलेल्या सात आठव्या भागांत मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे एकूण आठ हिस्से धरले तर आईचा एक, प्रत्येक मुलीचा एक आणि प्रत्येक मुलाचे दोन. घर चाळीस लाखांना विकले गेले, तर आईचे पाच लाख, प्रत्येक बहिणीचे पाच लाख आणि प्रत्येक भावाचे दहा लाख होतात. तीन बहिणींचे मिळून पंधरा लाख. ही रक्कम भावांनी ‘द्यायची’ नाही; वडिलांनी डोळे मिटले त्या क्षणापासून ती बहिणींचीच आहे. सूरह अन-निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वारसा सांगताना मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, हिस्सा ठरलेला आहे असे बजावले आहे. पुढे वाटणीचे नियम सांगून झाल्यावर त्या नियमांना अल्लाहने आपल्या मर्यादा म्हटले आहे.

यावर आपल्या समाजात दोन उत्तरे तयार असतात. पहिले, लग्नात तिच्यावर खर्च केला. पित्याने आपल्या हयातीत मुलीच्या लग्नावर केलेला खर्च वारशातून वजा होत नाही, हे येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. दुसरे उत्तर असे की, आमच्या बहिणी हिस्सा घेतच नाहीत, त्या राजीखुशीने हक्कसोडपत्र करून देतात. ही राजीखुशी जरा तपासून पाहावी. माहेरचे दार बंद होईल, उद्या सासरी काही बिनसले तर पाठीशी कोण उभे राहील, या भीतीपोटी केलेल्या सहीला संमती म्हणणे कठीण आहे. हनफी फुकहांनी तर याहून नेमकी गोष्ट सांगितली आहे. वारशाने आलेल्या वस्तूतील हिस्सा ‘मी सोडला’ एवढ्या शब्दांनी सुटत नाही. वारसाने काही मोबदला घेऊन हिस्सा सोडावा, ज्यास ‘तखारुज’ म्हणतात, किंवा आपला हिस्सा ताब्यात घ्यावा आणि मग इच्छा असल्यास भेट द्यावा. बहिणीच्या हाती तिचे पाच लाख येऊ द्या. त्यानंतर तिने ते भावाला परत केले, तर ते तिचे औदार्य. बहुतेक घरांत या अटीवर ‘राजीखुशी’ किती टिकते, ते भावांनी एकदा अजमावून पाहावे.

वारसांत अल्पवयीन कोणी असेल तर अधिक जपावे लागते. त्याचा हिस्सा विकण्याचा अधिकार काका किंवा आई यांना आपोआप मिळत नाही. न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. अनाथांच्या मालाबाबत कुरआनने दिलेला इशारा आपणांस ठाऊक आहेच. कोकणातील अनेक घरांचा एखादा वारस आखाती देशात असतो. त्याने तेथे केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथे मुद्रांकित करून घ्यावे लागते. व्यवहार ठरल्यावर ही धावाधाव करण्यापेक्षा ते काम आधी उरकलेले बरे. वाटणी लांबवली की गुंता वाढत जातो हेही खरे. एखादी बहीण दरम्यान वारली, तर तिचा पती आणि मुले वारस होतात आणि ज्या कागदाला पाच सह्या पुरल्या असत्या त्याला पंधरा लागतात.

दोष सांगणे

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला. आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. धान्य भिजले ते विक्रेत्याच्या चुकीने नव्हे, पावसाने. ओल असणे हा त्याचा गुन्हा नव्हताच. ती खाली दडपणे हा होता. आषाढात गळणाऱ्या छतावर उन्हाळ्यात रंग मारून घर दाखवणाऱ्याने ही रास डोळ्यांपुढे आणावी.

घराचे दोष केवळ भिंतींत नसतात. कूपनलिका मार्चमध्ये आटते. शहराच्या विकास आराखड्यात रस्तारुंदीकरणाची रेषा ओसरीतून गेलेली असते. वरचा मजला परवानगीविना बांधलेला असतो. पतसंस्थेचा बोजा फिटलेला असतो, पण उताऱ्यावरून उतरवलेला नसतो. मागच्या बोळातून शेजाऱ्याच्या वहिवाटीचा दावा चालू असतो. यांतले जे ठाऊक आहे ते सांगावे लागते. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसचा आशय असा की, दोन्ही पक्ष खरे बोलले आणि सर्व उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, लपवाछपवी केली तर ती बरकत पुसली जाते. देशाचा कायदाही येथे शरीअतच्या जवळ उभा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, ग्राहकाला साधारण दक्षतेने कळणार नाही असा मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने स्वतः सांगणे बंधनकारक आहे.

‘जसे आहे तसे विकले’ असे कागदावर लिहिले की आपण सुटलो, असे पुष्कळांना वाटते. सर्व दोषांसह विक्रीची अट हनफी मतानुसार घालता येते, शाफई मतात तिला फारच थोडी जागा आहे. परंतु ठाऊक असलेला दोष हेतुपुरस्सर दडवण्याचे पाप कोणत्याही मतात या अटीने धुतले जात नाही. आपल्या मराठीत ‘घर पाहावे बांधून’ अशी म्हण आहे. घर विकून पाहणाऱ्याची परीक्षा मला त्याहून अवघड वाटते, कारण तेथे स्वतःच्याच घराविरुद्ध साक्ष द्यावी लागते.

शेजारी

सहीह बुखारीत एका घराच्या विक्रीची हकीकत आली आहे. प्रेषितांचे मुक्त केलेले सेवक हजरत अबू राफे (रजि.) यांच्या दोन खोल्या हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या वाड्यात होत्या. अबू राफे त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, माझ्या खोल्या तुम्ही विकत घ्या. साद यांनी नकार दिला. तेथे असलेले हजरत मिस्वर बिन मखरमा (रजि.) यांनी आग्रह धरला, तेव्हा साद म्हणाले की चार हजारांहून अधिक देणार नाही आणि तेही हप्त्याहप्त्याने. अबू राफे यांनी सांगितले की, मला पाचशे दीनार रोख मिळत होते; शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे असे प्रेषितांकडून ऐकले नसते तर मी या खोल्या चार हजारांत दिल्या नसत्या. आणि त्यांनी त्या दिल्या. त्या काळी एका दीनारचे दहा ते बारा दिरहम होत. म्हणजे हजार-दोन हजार दिरहमांचे नुकसान सोसून, शिवाय उधारीवर, त्यांनी शेजाऱ्याचा मान राखला.

या हक्कास ‘शुफआ’ म्हणतात. हनफी मतानुसार तो आधी मालमत्तेतील भागीदाराचा, मग वाट-पाणी यांत भागीदार असलेल्याचा आणि त्यानंतर लागून असलेल्या शेजाऱ्याचा. शाफई मतात, म्हणजे कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या मतावर चालतात त्यात, तो केवळ अविभक्त मालमत्तेतील भागीदारास आहे, हद्दी आखल्या गेल्या व वाटा वेगळ्या झाल्या की शुफआ उरत नाही, या हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसवर त्यांचा आधार आहे. त्यामुळे या विषयावर सोलापूरचा वाचक आणि रत्नागिरीचा वाचक यांची उत्तरे निराळी येतील, आणि दोघेही आपापल्या जागी योग्य असतील. हनफी मतातही शेजाऱ्याने विक्रीची खबर लागताच मागणी करणे आवश्यक आहे. महिनाभर गप्प बसून नंतर हरकत घेणाऱ्याचा हक्क राहत नाही.

न्यायालयात मात्र केवळ शेजाराच्या आधारे हा हक्क आज मागता येत नाही. ‘भाऊ राम विरुद्ध बैज नाथ’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली शेजारीपणावर आधारलेला अग्रक्रय हक्क घटनेशी विसंगत ठरवला. तेव्हा हा प्रश्न आता विकणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा राहिला आहे. दलालाला सांगण्याआधी भिंतीला भिंत लागून असलेल्या घरी जाऊन विचारायला काही खर्च येत नाही. तो मुस्लिम असो वा नसो. फुकहांनी शुफआत मुस्लिम आणि जिम्मी यांत फरक केलेला नाही, हे हनफी ग्रंथांत नमूद आहे.

घेणाऱ्याची तयारी

ग्राहकाच्या वाट्याला कागद येतात. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन, निदान तीस वर्षांचा शोध अहवाल, मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा आणि त्यावरील फेरफार, वकिलामार्फत वृत्तपत्रात जाहीर नोटीस. नव्या इमारतीतील सदनिका असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पडताळावा. करारनामा नोंदवण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. सात-बारावर ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ अशी नोंद दिसली तर तेथेच थांबावे. मशिदीच्या वा दर्ग्याच्या चाकरीसाठी दिलेली ती जमीन असू शकते, आणि स्वस्त मिळते म्हणून वक्फची जागा घेणे हे घर घेण्याचे सर्वांत महाग रूप आहे.

व्यवहाराचे दोन भाव, एक दस्तातला आणि एक हातातला, ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिचा उल्लेख करणारा भाबडा ठरतो. तरी लिहितो. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार न्यायाने लिहून ठेवण्याबद्दल आणि खरेदी-विक्रीस साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. ज्या दस्तात रक्कमच खोटी आहे त्यावर साक्षीदार म्हणून सही करणाराही त्या खोट्यात सामील होतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई केली आहे, हे आणखी एक कारण. आणि व्यवहार फिसकटला तर दस्ताबाहेरची रक्कम मागायची कोणत्या कागदावर?

बयाणा हा भांडणाचा हमखास विषय. ग्राहक मागे फिरला तर बयाणा बुडाला, असे आपल्याकडे गृहीत धरतात. हनफी, मालिकी व शाफई मतांत अशी जप्ती योग्य नाही. हंबली मतात आहे. हंबलींचा आधार पुन्हा एका घराच्या खरेदीचा आहे. हजरत उमर (रजि.) यांच्यासाठी मक्केत तुरुंग करण्यास नाफे यांनी सफवान बिन उमय्या यांचे घर घेतले, तेव्हा उमर यांना व्यवहार पसंत पडला नाही तर सफवानना चारशे मिळावेत अशी अट होती. मतभेद असल्यामुळे शहाणपण यातच की, बयाणा किती, मुदत किती, मोडल्यास परत काय मिळेल, हे पहिल्या दिवशीच दोघांनी लिहून घ्यावे. व्याजी कर्जाचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. येथे इतकेच की, विक्रेत्याशी थेट हप्ते ठरवणे, आणि मुदतीमुळे किंमत रोखीपेक्षा काहीशी अधिक असणे, बहुसंख्य विद्वानांच्या मते जायज आहे. अट एकच, बैठक उठण्यापूर्वी एकच किंमत पक्की व्हावी. साद (रजि.) यांची खरेदी हप्त्यांचीच होती.

ग्राहकावरही सत्य सांगण्याचे दायित्व आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. बुखारी-मुस्लिममधील एका हदीसमध्ये जमीन विकत घेणाऱ्याला तिच्यात सोन्याचा घडा सापडतो. तो विक्रेत्याकडे जाऊन म्हणतो, मी जमीन घेतली, सोने नाही. विक्रेता घ्यायला तयार नसतो. शेवटी न्याय करणारा त्यांच्या मुला-मुलीचा विवाह लावून तो खर्च त्यांच्यावर करवतो. आज घडे निघत नाहीत. पण विधवा विक्रेतीला आपल्या हद्दीत मागची अर्धा गुंठा जागा येते हे माहीत नसते आणि मोजणी नकाशा पाहिलेल्या ग्राहकाला ते माहीत असते. उपरोक्त कलम ५५ ने अशा वेळी ग्राहकालाही बोलायला बांधले आहे.

रकमेच्या वाटपाबद्दल एक व्यावहारिक सूचना. खरेदीखतात एकूण किमतीबरोबर प्रत्येक वारसाला मिळणारी रक्कम आणि तिच्या धनादेशाचा क्रमांक स्वतंत्रपणे लिहिता येतो. बहिणींचे धनादेश भावाच्या खात्यातून फिरून येण्याऐवजी ग्राहकाकडून थेट त्यांच्या नावे, नोंदणीच्या दिवशी, दुय्यम निबंधकासमोर द्यावेत. भाऊ हे सुचवत नसतील तर ग्राहकाने सुचवावे. स्वच्छ मालकीहक्क ही त्याचीही गरज आहे.