आडात जे, तेच पोहऱ्यात

पावसाळा तोंडावर आला की ‘पाणी उकळून, गाळून प्या’ हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी जपमाळेसारखे म्हणू लागतो. सल्ला चांगलाच आहे. कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू उकळल्याने मरतात. पण हाच सल्ला एकदा माझ्या हातून चुकीच्या ठिकाणी दिला गेला. त्याची हकीकत आज सांगतो, कारण घरची विहीर किंवा बोअर असलेल्या प्रत्येकाने ती ऐकावी असे मला वाटते.

मुंबईच्या उपनगरात माझा दवाखाना होता. तिथल्या एका जुन्या वाडीत चार बिऱ्हाडांत मिळून एक विहीर. नळाचे पाणी पहाटे तासभर, तेही बारीक धारेने, त्यामुळे भांडी, धुणे, आंघोळ सगळे विहिरीवर आणि उन्हाळ्यात स्वयंपाकही त्यावरच. त्या वाडीतली एक बाई दोन्ही हातांना चिरा आणि खाज घेऊन येत असे. साबणाचे ॲलर्जिक इसब समजून मी मलम देत होतो. तात्पुरते बरे वाटे, पुन्हा तेच. मग तिच्या जावेचेही हात तसेच झाले. मी विचारले, पाणी कुठले? “विहिरीचे, पण उकळूनच पितो हो डॉक्टर, तुम्हीच सांगितले ना!” मी मान डोलावली आणि म्हटले, “छान, तसेच चालू ठेवा.”

त्यांनी पाणी तपासूनही आणले होते. अहवालात जंतू, क्षार, कठीणपणा सारे मर्यादेत होते. मी निश्चिंत झालो.

डोळे उघडले ते दुसऱ्याच रुग्णामुळे. जवळच्या गाळ्यात क्रोम प्लेटिंगचे काम करणारा एक तरुण नाकातून वारंवार रक्त येते म्हणून आला. तपासले तर नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलेले. क्रोमिक ॲसिडच्या वाफेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना होणारा हा ओळखीचा आजार. सहज विचारले, टाकीतले वापरलेले पाणी कुठे सोडता? म्हणाला, “मागे खड्डा आहे, त्यात जिरते.” तो खड्डा वाडीच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होता! मी वाडीत जाऊन पांढऱ्या बादलीत पाणी काढायला लावले. त्याला फिकट पिवळी झाक होती. वाडीतले लोक ती झाक पालापाचोळ्याची समजत होते. या वेळी क्रोमियमची मुद्दाम चाचणी सांगितली, तेव्हा ते मर्यादेच्या अनेक पट निघाले.

विहिरीचे पाणी बंद केल्यावर काही महिन्यांत दोघींचे हात बरे झाले. पण त्या घरातल्या पोरांनी किती वर्षे ते पाणी प्यायले आणि त्याचा पुढे काय परिणाम होईल, या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही.

उकळून का भागत नाही?

जंतू जिवंत असतात, म्हणून उष्णतेने मरतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत, ती मरणार कशी? उलट उकळताना पाण्याची वाफ होते आणि विष मागे राहते, म्हणजे पाणी आटेल तसे ते दाटच होते. टीसीएल पावडर, तुरटी, मेणबत्तीचा फिल्टर, जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा यांपैकी कशाचाही येथे भरवसा धरता येत नाही.

दुसरा गट द्रावकांचा. यंत्राच्या सुट्या भागांवरचे ग्रीस काढायला ट्रायक्लोरोएथिलीन वापरतात. पेट्रोलमध्ये बेंझिन असते. ही द्रव्ये उडून जाणारी आहेत. पाणी तापवले की ती हवेत येतात, म्हणजे पोटात न जाता श्वासातून छातीत जातात. बंद न्हाणीघरात कढत पाण्याने आंघोळ करतानाही हेच होते. म्हणून ‘पिण्याला नळाचे, बाकी सगळ्याला विहिरीचे’ ही वाटणी दर वेळी पुरेशी ठरत नाही. ट्रायक्लोरोएथिलीनने मूत्रपिंडाचा आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे आता सिद्ध झाले आहे.

थोडेसे म्हणजे किती थोडे?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे क्रोमियम 0.05, शिसे 0.01 आणि कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. आकडे डोक्यावरून जातील, म्हणून असे पाहा. तापावरची 500 मिलिग्रॅमची एक गोळी घ्या. तिच्या दहाव्या तुकड्याएवढे क्रोमियम हजार लिटरच्या टाकीत पडले की मर्यादा संपली. शिशाला तर पन्नासावा तुकडा पुरतो. पाण्यात पिवळेपणा डोळ्यांना दिसेपर्यंत क्रोमियम मर्यादेच्या फार पुढे गेलेले असते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांना तर रंगही नाही आणि चवही नाही.

हे विष एका घोटाने लोळवत नाही. शिसे मुलांची बुद्धी खुंटवते आणि रक्त कमी करते. कॅडमियम मूत्रपिंडात साठत जाते. आर्सेनिकने तळहात-तळपाय खरखरीत होतात, कातडीवर डाग उठतात. वरच्या दुधावरचे तान्हे मूल, गरोदर स्त्री आणि मूत्रपिंडाचा रुग्ण यांना धोका सर्वांत जास्त, कारण तान्ह्याच्या वजनाच्या मानाने त्याच्या पोटात जाणारे पाणी मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असते.

मुंबईचे आपल्याला काय?

कुर्ल्यापासून घाटकोपर, भांडुप, मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा आणि अंधेरीच्या मरोळ भागात एकेकाळी औषधे, रसायने आणि यंत्रसामग्रीचे कारखाने होते. पुढे बरेचसे बंद झाले, तिथे मॉल आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. पण कारखाना हलला म्हणून जमिनीत मुरलेले रसायन हलत नाही. इकडे विहिरींवरची भिस्त मात्र कायम आहे. एप्रिल 2025 मध्ये मुंबईतील टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा किती सोसायट्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर चालतात हे साऱ्यांना कळले.

आपल्या तालुक्यातही आता एमआयडीसी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातील चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर ही पाच नावे होती. आपल्या बहुतेक जिल्ह्यांच्या पोटात मुंबईसारखाच काळा कातळ आहे. त्यात पाणी भेगांतून वाट काढते. त्यामुळे गटाराशेजारची विहीर शुद्ध आणि चार शेते पलीकडची दूषित, असेही घडते. ‘शेजाऱ्याची चांगली, म्हणून आपलीही चांगली’ हा हिशेब येथे चालत नाही.

एकदा बिघडलेली विहीर सुधारणे किती अवघड, ते राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाने पाहिले. तेथे 1988 मध्ये रंगासाठी लागणारे एच-ॲसिड बनू लागले. सुमारे 2,400 टन गाळ उघड्यावर पडला, पावसाने तो जमिनीत झिरपला आणि विहिरी निकामी झाल्या. गावकरी पेटून उठले, कारखाना 1989 मध्ये बंद पडला. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘ज्याने घाण केली त्याने निस्तरावी’ हे तत्त्व लावून निकाल दिला. तरी 37 कोटींहून अधिक रुपयांच्या भरपाईचा वाद 2011 पर्यंत न्यायालयात रेंगाळला. कारखाना जेमतेम वर्षभर चालला होता!

आपण काय करावे?

1. विहिरीभोवती फेरी मारा. प्लेटिंग, बॅटरी, रंग, कातडी, रसायने यांचा उद्योग, गॅरेज किंवा पेट्रोल पंप जवळ आहे का, पूर्वी होता का, हे वृद्धांना विचारा.

2. पांढऱ्या बादलीत पाणी घेऊन उजेडात बघा. रंग, तेलकट तवंग, गोडसर किंवा पेट्रोलसारखा वास आला तर पिणे आणि स्वयंपाक त्याच दिवशी थांबवा.

3. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा. नेहमीच्या तपासणीत जड धातू आणि द्रावके धरलेली नसतात, ती नाव घेऊन सांगावी लागतात. तेथे सोय नसेल तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा गाठा.

4. पंप थोडा वेळ चालवून मग नमुना घ्या. धातूंसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. द्रावकांसाठी काचेची बाटली काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा आणि पावसानंतर एकदा तपासा.

5. आरओ यंत्राने बरेच धातू कमी होतात, पण पडदा वेळेवर बदलला तर. कोळशाचा फिल्टर द्रावके शोषतो, मात्र भरला की निरुपयोगी होतो. यंत्रातून निघालेले पाणीही तपासून घ्या.

6. दोष निघाला तर अहवालाची प्रत जोडून ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवा, पोच घ्या. 1974 च्या जल कायद्याने विहिरीत किंवा जमिनीवर विषारी पदार्थ सोडण्यास मनाई आहे.

आणि घाबरू नका. प्रत्येक खाज पाण्यामुळे नसते, प्रत्येक विहीर विषारी नसते. पण घरात एकाहून अधिक माणसांना एकच तक्रार असेल, तर डॉक्टरांना पाणी कुठले ते आपण होऊन सांगा. मी तेव्हा विचारले होते, पण उत्तर नीट ऐकले नव्हते. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे आपण जाणतो. आडात जे उतरले ते पोहऱ्यात आल्याशिवाय राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे.