फवारणी पंपाच्या लिथियम बॅटरीसाठी योग्य चार्जर

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस व भाजीपाल्यावरील फवारणीसाठी पाठीवरील बॅटरी पंप वापरले जातात. शिसे-आम्ल बॅटरी काढून लिथियम बॅटरी बसविल्यास जुना चार्जर वापरू नये. दोहोंवर '१२ व्होल्ट' लिहिलेले असले, तरी बॅटरी पूर्ण भरण्याचा दाब निराळा असतो. तीन घटांच्या लिथियम-आयन बॅटरीस १२.६ व्होल्टचा, तर चार घटांच्या लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीस १४.६ व्होल्टचा चार्जर लागतो. चार्जरची अदलाबदल झाल्यास पहिली बॅटरी प्रमाणाबाहेर भरून पेट घेण्याचा धोका असतो. दुसरी पुरेशी भरतच नाही. १२ अँपिअर-तासांच्या बॅटरीस २ अँपिअरचा चार्जर सुमारे सात तास घेतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वी बॅटरी व चार्जरवरील आकडे शेतकऱ्यास ताडून दाखवावेत. बॅटरी कोरड्या, हवेशीर जागी, पाचट व वैरणीपासून दूर ठेवूनच भारित करावी.