गळतीचा शोध

वर्गात ओहमचा नियम बिनचूक म्हणणाऱ्याला, घरातील दिवे गेले की तो नियम आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात जामबागेतील आमच्या घरी हाच अनुभव आला. कपडे धुण्याचे यंत्र लावले की दहा-पंधरा मिनिटांत सगळ्या घराची वीज जाई. खटका वर केला की वीज येई आणि पुन्हा जाई. बोलावलेल्या वायरमनने बोर्ड पाहून सांगितले, "हा ट्रिपच खराब आहे. काढून थेट जोडून देतो, कटकट मिटेल." कटकट मिटली असती हे खरे, पण कोणत्या मोलाने, ते आपण पाहू.

बोर्डावर दोन प्रकारचे पहारेकरी असतात. एम.सी.बी. हा जास्त प्रवाह झाला, म्हणजे भार वाढला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या, की पडतो. आर.सी.सी.बी. (जुने लोक त्याला ई.एल.सी.बी. म्हणतात) हा जमाखर्च पाहतो. फेजच्या तारेने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत आला पाहिजे. घरगुती उपकरणात सामान्यतः ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढा प्रवाह भलत्याच वाटेने जमिनीत गेला, की तो वीज तोडतो. आमच्याकडे पडत होता तो हाच.

आता हिशेब करू. पाणी तापविणाऱ्या हीटरचे विद्युतरोधन बिघडून फेज आणि यंत्राचे धातूचे अंग यांमध्ये ५,००० ओहमचाच रोध उरला, असे समजा. २३० भागिले ५,००० म्हणजे ४६ मिलिअँपिअर. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला याचा पत्ताही लागणार नाही. अर्थची तार शाबूत आहे तोवर ही गळती तिच्यातून जाईल. पण ती तार कधी सैल झाली आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या आईने यंत्राला हात लावला, तर? शरीराचा रोध १,५०० ओहम धरला, तर २३० भागिले ६,५०० म्हणजे सुमारे ३५ मिलिअँपिअर प्रवाह तिच्या अंगातून वाहील. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून हात सुटत नाही. त्या वेळी वाचविणारा ट्रिप आपणच काढून टाकलेला असेल!

म्हणून दोष शोधावा, पहारेकरी हाकलू नये. शोधाची रीत सोपी आहे. प्रथम यंत्राचा प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही, कारण ते बहुधा फेजच तोडते. न्यूट्रल आणि अर्थ यांचा संपर्क तसाच राहतो. प्लग काढूनही ट्रिप पडत असेल, तर दोष घराच्या वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणात आहे. पडत नसेल, तर यंत्र नेमके केव्हा दगा देते ते टिपून ठेवावे. प्लग लावताच पडले, तर दोरी किंवा आतील फिल्टर. पाणी भरताना पडले, तर पाण्याचा व्हॉल्व्ह. तापताना पडले, तर हीटर. ड्रम फिरताना पडले, तर मोटर किंवा घासलेली तार. पाणी बाहेर टाकताना पडले, तर पंप, असा संशय घ्यावा.

आम्ही थंड पाण्याचा कार्यक्रम लावून पाहिला. यंत्र शेवटपर्यंत चालले. संशय हीटरवर आला. पुढचे काम मात्र जाणत्या मेकॅनिकचेच. त्याने प्लग काढून ५०० व्होल्टच्या मेगरने रोधन मोजले. ते किमान एक मेगओहम तरी असावे. इथे काही हजार ओहमच भरले. साध्या मल्टिमीटरच्या बॅटरीचा दाब थोडा असल्याने असा दोष त्यात कित्येकदा दिसत नाही. बोअरच्या जड पाण्यामुळे हीटरवर पांढरा थर जमला होता आणि खालची नळी तडकली होती. आत भरलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत पाणी मुरले होते. हीटर बदलला आणि वीज जाणे थांबले.

आर.सी.सी.बी.वरील 'टेस्ट' असे लिहिलेले बटण अधूनमधून दाबून पाहावे. दाबल्यावर खटका पडला नाही, तर तो लगेच बदलून घ्यावा. वारंवार ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण त्याला घालवण्यापूर्वी तो कशासाठी ओरडतो आहे, एवढे तरी विचारावे.